एका नावाखाली दडलेले नऊ

‘हा प्राणी जगातल्या सर्व महासागरांत आढळतो.’ खोल समुद्रातल्या जिवांविषयीच्या लेखनात हे वाक्य वारंवार भेटते. वाचणाऱ्याला वाटते, कोणीतरी सगळीकडे जाऊन पाहिले असणार आणि सगळीकडे तोच प्राणी दिसला असणार. प्रत्यक्षात घडलेले असते ते असे: हजारो किलोमीटर अंतरावरच्या चारदोन ठिकाणी जाळी किंवा सापळे उतरवले गेले, वर आलेले प्राणी एकमेकांसारखे दिसले आणि एका जाणकाराने त्या सगळ्यांना एकच नाव दिले. नावाने जोडलेले हे ठिपके मग नकाशावर पसरतात आणि अवघा महासागर व्यापून टाकतात. त्या ठिपक्यांच्या मधली जागा कोणी पाहिलेली नसते.

माझा मुद्दा या नावाशीच आहे. खोल समुद्रातल्या एखाद्या लहानशा प्राण्याची प्रजाती ठरवणे हे संग्रहालयातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम आहे, असा समज सुशिक्षितांतही पक्का आहे. समुद्राच्या तळाशी काय आहे, त्यातले काय नष्ट होऊ शकते आणि नष्ट झाले तर परत येईल की नाही, या प्रश्नांची उत्तरे त्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे यावर ठरतात. चिठ्ठी चुकली की पुढचे सगळे हिशेब चुकतात.

उदाहरण घेऊ युरिथिनीस ग्रिलस या ॲम्फिपॉडाचे. ॲम्फिपॉड म्हणजे कोळंबी, जवळा, कुर्ली यांच्या कवचधारी घराण्यातले प्राणी. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, पाठ कमानीसारखी वाकलेली. कोकणच्या पुळणीवर वाहून आलेले शेवाळ उचलले की खालून उड्या मारत सैरावैरा पळणारे जे बारीक जीव दिसतात, ते याच गणातले. त्यांच्या दहा हजारांहून अधिक प्रजातींची शास्त्रीय नोंद आहे. बहुतेक प्रजाती नखाएवढ्या किंवा त्याहून लहान असतात. युरिथिनीस मात्र बोटाएवढा होतो, काही वेळा त्याहून मोठा. रंगाने लालभडक. तळाला पडलेल्या मेलेल्या माशांवर, देवमाशांच्या कलेवरांवर हे प्राणी थव्याने तुटून पडतात आणि मांस संपवतात. अन्नाचा वास त्यांना लांबून लागतो. त्यामुळे सापळ्यात माशाचा तुकडा ठेवून तो खाली सोडला, की काही तासांनी युरिथिनीस हमखास हाती येतात. तळावरचे दुसरे कितीतरी प्राणी कधी दिसतच नाहीत. हा मात्र जाईल तिथे सापडतो.

आणि नेमका तिथेच घोटाळा झाला. ग्रिलस हे नाव 1822 सालचे, उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या नमुन्यावरून दिलेले. पुढे अटलांटिक, पॅसिफिक, हिंदी महासागर, अंटार्क्टिकाभोवतीचे पाणी, जिथे जिथे असा मोठा लाल युरिथिनीस सापडला तिथे तिथे त्याला बहुधा हेच नाव मिळत गेले. काहीशे मीटर खोलीपासून सागरी गर्तांच्या भिंतींपर्यंत सर्वत्र एकच प्रजाती, हे विसाव्या शतकात जवळजवळ पाठ्यपुस्तकी सत्य झाले. त्याच्या वाढीवर, खाण्यावर, दाब सहन करण्याच्या क्षमतेवर शोधनिबंध निघाले. सर्वांच्या शीर्षकात एकच नाव.

पहिली शंका जनुकांनी उपस्थित केली. 1996 मध्ये फ्रान्स आणि कोकर या संशोधकांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या युरिथिनीसच्या पेशींमधल्या मायटोकॉण्ड्रिया या घटकातल्या एका जनुकाची तुलना केली. हजारो मैल दूरच्या, पण सारख्याच खोलीवरच्या प्राण्यांपेक्षा एकाच भागातले, पण वेगळ्या खोलीवरचे प्राणी एकमेकांहून अधिक भिन्न निघाले. तीन हजार मीटरच्या आसपास जणू एक न दिसणारी सीमा होती. 2013 मध्ये शार्लोट हावरमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम अधिक नमुने आणि अधिक जनुके घेऊन पुढे नेले. एका ग्रिलसखाली किमान नऊ वंशरेषा दडलेल्या होत्या, प्रत्येक प्रजातीच्या तोडीची. त्यातली एक आर्क्टिकच्या बाजूलाही होती आणि अंटार्क्टिकाच्या बाजूलाही. म्हणजे पृथ्वीची दोन टोके एकाच प्रजातीकडे, आणि एकाच समुद्रात वर-खाली राहणारे मात्र परके. हा निकाल कोणाच्याही अंदाजात बसणारा नव्हता. जुने नाव थंड पाण्यातल्या त्या द्विध्रुवीय प्रजातीकडे राहिले, कारण मूळ नमुना उत्तरेचा होता. बाकीच्यांना नवी नावे लागणार होती. 2015 मध्ये दक्षिण महासागरातल्या एका प्रजातीला मिळालेले नाव आहे युरिथिनीस अंधकारे. संस्कृतातून आपल्याकडे आलेला शब्द त्या काळोखात जाऊन बसला, याचा मला मनापासून आनंद होतो.

आता प्रश्न असा की, यात बिघडले काय? एकाऐवजी नऊ प्रजाती निघाल्या, चांगलेच झाले, विविधता वाढली. हे बोलणे वरवरचे आहे. ‘सर्व महासागरांत आढळतो’ या वाक्यात एक आश्वासन दडलेले असते. इथला समुद्रतळ खरवडला गेला तरी काय झाले, तोच प्राणी दुसरीकडे भरपूर आहे, तिथून येईल आणि पुन्हा वस्ती करील. नऊ प्रजाती निघाल्या की हे आश्वासन मोडते. ॲम्फिपॉडांच्या बाबतीत तर ते दुहेरी मोडते. अनेक कवचधारी प्राण्यांची पिल्ले पाण्यात तरंगत लांबवर जातात. ॲम्फिपॉडांत तशी अवस्थाच नाही. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वाढवते आणि पिल्ले बाहेर येतात ती आईबापांच्या लहान आवृत्त्या होऊन. जिथे जन्म तिथेच आयुष्य, अशीच त्यांतल्या बहुतेकांची रीत. मांस खाणारे मोठे पोहणारे ॲम्फिपॉड लांब जाऊ शकतात. तळाच्या गाळात राहणाऱ्या बारीक प्रजातींना तो मार्ग नाही.

म्हणून मोठे सरसकट नाव ही मला खोल समुद्राच्या अभ्यासातली सर्वांत महाग चूक वाटते. खोटी प्रजाती जास्तीची मोजली तर आपण गरजेपेक्षा अधिक जपतो. खरी प्रजाती मोजायची राहिली तर ती गेल्याचेही कोणाला कळत नाही.

मात्र याचा अर्थ असा नव्हे की दिसेल ते नाव फोडावे. ॲलिसेला जायगँटिआ हा जगातला सर्वांत मोठा ॲम्फिपॉड, 34 सेंटीमीटरपर्यंत वाढणारा. मोनॅकोचे राजे पहिले अल्बर्ट यांच्या ‘प्रिन्सेस ॲलिस’ या जहाजावरच्या मोहिमेत तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अटलांटिकच्या खोल तळावरून वर आला आणि 1899 मध्ये त्या जहाजावरूनच त्याला नाव मिळाले. पुढची कित्येक दशके तो इतका क्वचित सापडत होता, की दुर्मीळ म्हणूनच त्याची ख्याती झाली. एकदा तर हवाईच्या बाजूला एका अल्बट्रॉस पक्ष्याच्या पोटात सापडला. ग्रिलसचा अनुभव पाहता याही नावाखाली चारपाच प्रजाती असतील, अशी अपेक्षा करणे रास्त होते. 2025 मध्ये जगभरच्या नोंदी आणि जनुके एकत्र करून अभ्यास झाला तेव्हा उलटेच निघाले. दूरदूरच्या समुद्रांतल्या ॲलिसेलांच्या जनुकांत फारच थोडा फरक होता, आणि त्यांना राहता येईल असा तळ जगातल्या महासागरांच्या 59 टक्के भागात पसरलेला आहे. इथे मोठे नाव खरे ठरले. म्हणजे नाव रुंद की अरुंद, हे आधीपासून ठरवता येत नाही. प्रत्येक वेळी तपासावे लागते, आणि त्या तपासणीला पर्याय नाही.

ही तपासणी कशी होते हे सांगितल्याशिवाय तिची किंमत कळणार नाही. सापळा वर येतो तेव्हा प्राण्यांचे रंग ताजे असतात. अल्कोहोलमध्ये गेल्यावर लाल उतरतो, फिकट पिवळट होतो, म्हणून आधी छायाचित्रे. मग एक पाय किंवा स्नायूचा तुकडा जनुकांसाठी बाजूला. पूर्वी नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवत. आकार उत्तम टिकत, पण फॉर्मलिन डीएनए खराब करते. म्हणून जगभरच्या संग्रहालयांतले कितीतरी जुने, अमोल नमुने आज जनुकीय प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाहीत. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली शवविच्छेदन. जबड्याचे तुकडे, पुढच्या पकडणाऱ्या पायांच्या दोन जोड्या, मागच्या पायांच्या जोड्या, शेपटीचे टोक, एकेक अवयव अलगद सोडवून काचपट्टीवर मांडायचा. पायाच्या मुळाशी असलेल्या पट्टीचा खालचा कोपरा गोल आहे की टोकदार, पाठीवरच्या वळ्यांना कणा आलेला आहे की नाही, पकडणाऱ्या पायाच्या ‘तळव्या’ची कड किती तिरकी आहे, हे पाहायचे. मग चित्र काढायचे. हाताने, किंवा आता संगणकाच्या पाटीवर, पण रेघ न् रेघ माणसाने ठरवून. प्रत्येक काटा, प्रत्येक केस मोजून. एका प्रजातीच्या चित्रांना आठवडे लागतात.

या चित्रांची थोर परंपरा आहे. 1872 ते 1876 या काळात ब्रिटिश जहाज ‘चॅलेंजर’ने जगाच्या महासागरांची पाहणी केली आणि तिच्यातले ॲम्फिपॉड थॉमस रोस्को रीड स्टेबिंग यांच्याकडे आले. स्टेबिंग हे चर्चचे दीक्षित पाद्री. डार्विनचा उघड पुरस्कार केल्यामुळे त्यांना प्रवचने देण्याची मनाई झाली. 1888 मध्ये त्यांचा अहवाल निघाला तो 1,737 पानांचा आणि 210 चित्रफलकांचा. आजही एखादा ॲम्फिपॉड ओळखायचा असेल तर अभ्यासक ती पाने उघडतो. सव्वाशेहून अधिक वर्षांनी इतके वापरात असलेले वैज्ञानिक लेखन फार थोडे असेल.

या श्रमांवर आज एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीरपणे ऐकायला हवा. मायटोकॉण्ड्रियातल्या एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचला की प्रजाती ओळखता येते. मग पायांचे केस मोजत का बसायचे? प्रजाती झपाट्याने नष्ट होत आहेत, वेळ नाही, या जनुकीय ‘बारकोड’वरूनच नावे देऊन टाकू. 2021 मध्ये कोस्टारिकातल्या परजीवी गांधीलमाश्यांच्या 403 नव्या प्रजाती अशाच एका निबंधात जाहीर झाल्या. प्रत्येकीचे एक छायाचित्र आणि ओळखीची मुख्य खूण म्हणून डीएनएचा तुकडा.

घाई समजते. तरी हा मार्ग मला मान्य नाही. मायटोकॉण्ड्रिया फक्त आईकडून येतो, त्यामुळे तो अर्धीच कहाणी सांगतो. कधी दोन प्रजातींचा संकर होऊन एकीचा मायटोकॉण्ड्रिया दुसरीत शिरतो. कधी त्या जनुकाची जुनी, निकामी प्रत केंद्रकात जाऊन बसलेली असते आणि यंत्र तीच वाचते. यापलीकडेही एक अडचण आहे, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. डीएनएची चार अक्षरे ही ज्याच्याकडे यंत्र आहे त्यालाच वाचता येतात. चित्र आणि वर्णन मात्र कोणीही, कुठेही, कोणत्याही काळात प्राण्यासमोर ठेवून पडताळू शकतो. स्टेबिंग यांची चित्रे म्हणूनच अजून उपयोगी पडतात. विज्ञानातला दावा दुसऱ्याला खोडता आला पाहिजे. तो खोडण्याची सोय जितक्या जास्त लोकांकडे, तितका तो दावा भरवशाचा. हावरमान्स यांच्या गटाने केलेले काम मला म्हणूनच अनुकरणीय वाटते. आधी जनुकांनी दाखवलेले फरक घेतले, मग त्याच प्राण्यांच्या शरीरावर त्या फरकांच्या खुणा शोधल्या. जनुकांनी कुठे पाहायचे ते सांगितले, डोळ्यांनी काय दिसते ते नोंदले.

या पद्धतीने नाव मिळालेला एक प्राणी जगभर गाजला. 2014 मध्ये पश्चिम पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेत, सहा ते सात हजार मीटर खोलीवर, ॲलन जेमिसन यांच्या चमूने सापळे उतरवले होते. तिथे पाण्याचा दाब आपल्याकडच्या हवेच्या दाबाच्या सहाशे ते सातशे पट. मिळालेल्या युरिथिनीसांचे जोहाना वेस्टन आणि सहकाऱ्यांनी शरीर आणि जनुके दोन्ही अंगांनी परीक्षण केले आणि ती नवी प्रजाती ठरली. एका पिल्लाच्या आतड्यात प्लास्टिकचा तंतू निघाला, लांबी एक मिलिमीटरहूनही कमी. पाण्याच्या बाटल्या आणि पॉलिएस्टरचे कपडे ज्यापासून बनतात त्या पदार्थाशी सुमारे 84 टक्के जुळणारा. मार्च 2020 मध्ये नाव जाहीर झाले: युरिथिनीस प्लास्टिकस.

अशा नावाने प्राण्याचा अपमान होतो, ही प्रसिद्धीची हौस आहे, अशी टीका झाली असती तर मला ती समजली असती. तरी मी या नावाच्या बाजूचा आहे. जेमिसन यांच्या चमूनेच 2019 मध्ये पॅसिफिकच्या कडेच्या सहा गर्तांतल्या 90 ॲम्फिपॉडांची आतडी तपासली. 65 मध्ये सूक्ष्म प्लास्टिक वा कृत्रिम तंतू मिळाले. त्याआधी 2017 मध्ये मारियाना आणि केरमाडेक या गर्तांतल्या ॲम्फिपॉडांच्या शरीरात पीसीबी ही कधीच बंदी आलेली रसायने आढळली. मारियानातले काही प्राणी चीनमधल्या लियाओहे या अत्यंत प्रदूषित नदीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातखाचरांतल्या खेकड्यांपेक्षा पन्नासपट दूषित होते. माणसाने पाहण्याआधी माणसाची घाण तिथे पोचली. नामकरणाच्या नियमांनुसार एकदा रीतसर जाहीर झालेले नाव, तो प्राणी खरेच वेगळा असेल तर, कायमचे राहते. त्या नावात आपल्या काळाची साक्ष कायमची कोरली जावी, हे मला उचित वाटते. नियतकालिकाची कहाणीही बोलकी आहे. हे नाव छापणाऱ्या ‘झूटॅक्सा’ने नव्या प्रजातींच्या कामाला जगात सर्वाधिक जागा दिली आहे, आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्वतःच्याच निबंधांचे दाखले जास्त असल्याच्या कारणावरून त्याला प्रतिष्ठेच्या यादीतून वगळले गेले. जगभरचे वर्गीकरणतज्ज्ञ एकवटून बोलले आणि महिन्याभरात निर्णय फिरला. ज्या शाखेत अभ्यासकांना एकमेकांचेच काम पाहावे लागते, तिला दाखल्यांच्या गणितावर तोलणे अन्यायाचे आहे.

या सगळ्याचा भारताशी थेट संबंध आहे, आणि तो गोव्यातून जातो. दोना पावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी समुद्रतळावरचे बहुधातू गोटे भारतासाठी पहिल्यांदा वर आणले. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले हे बटाट्याएवढे गोटे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. आज मध्य हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्रात त्यांच्या शोधाचा हक्क भारताकडे आहे. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी 2002 मध्ये करार झाला. खाणकाम करायचे तर आधी तिथे काय राहते याची मूळ नोंद करणे करारदारावर बंधनकारक आहे. राष्ट्रीय संस्थेने 1997 मध्येच तळावर मुद्दाम गाळ उसळवून परिणाम पाहण्याचा प्रयोग केला होता. पूर्व पॅसिफिकमध्ये पेरूजवळच्या खोऱ्यात 1989 मध्ये जर्मन संशोधकांनी तळ नांगरून पाहिला. 26 वर्षांनी गेले तर नांगराच्या खुणा तशाच होत्या.

मूळ नोंद म्हणजे काय, हाच खरा प्रश्न आहे. मेक्सिको आणि हवाई यांच्या दरम्यानच्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात सर्वांत जास्त शोधकरार दिले गेले आहेत. 2023 मध्ये मुरिएल रेबोन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सर्व नोंदी एकत्र केल्या. सुमारे 5,578 प्रजाती, आणि त्यातल्या 88 ते 92 टक्के अनाम. अनाम म्हणजे अभ्यासकांच्या यादीत ‘ॲम्फिपॉड क्रमांक सात’ असे काहीतरी. दुसऱ्या कंपनीच्या अहवालातला ‘ॲम्फिपॉड क्रमांक तीन’ तोच आहे की दुसराच, हे कोण सांगणार? क्रमांक हे एका प्रयोगशाळेपुरते असतात. दोन करारक्षेत्रांत एकच प्रजाती राहते की प्रत्येक क्षेत्राची आपली वेगळी, हे माहीत नसताना तळ खोदण्याला परवानगी देणारा कागद आंधळा आहे. नावाला पर्याय म्हणून क्रमांक चालतो, असे म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

आपल्याकडे यासाठी माणसे किती तयार होत आहेत? केंद्र सरकारने 2021 मध्ये 4,077 कोटींची खोल महासागर मोहीम मंजूर केली. तिच्यात सहा हजार मीटर खोल जाण्यासाठी आखलेले ‘मत्स्य 6000’ हे माणसांचे वाहन आहे, आणि खोल समुद्रातल्या जैवविविधतेचा स्वतंत्र भागही आहे. वाहनाचे कौतुक सर्वत्र होते आणि ते व्हायलाही हवे. पण खाली जाऊन आणलेला ॲम्फिपॉड ओळखणारा माणूस नसेल तर तो प्राणी बाटलीत पडून राहील. नवी प्रजाती गोळा झाल्यापासून तिचे वर्णन छापले जाईपर्यंत जगात सरासरी 21 वर्षे जातात, असा 2012 मधला एक अभ्यास सांगतो. एकवीस वर्षांत एका शोधकराराची मूळ मुदत संपून गेलेली असते.

म्हणून माझी मागणी मोठी नाही, पण नेमकी आहे. मध्य हिंदी महासागराच्या आपल्या क्षेत्रात मांस लावलेले सापळे नियमित उतरवावेत. हे एक स्वस्त खोलसमुद्री उपकरण आहे. वर आलेल्या प्रत्येक खेपेतले काही नमुने फॉर्मलिनऐवजी अल्कोहोलमध्ये जावेत. नव्या प्रजातींचे प्ररूप नमुने, म्हणजे ज्यांवरून नाव दिले ते मूळ नमुने, इथल्याच संग्रहालयात, सर्वांना पाहता येतील असे ठेवावेत, आणि जनुकांचे वाचन जगाच्या सामायिक संग्रहात टाकावे. दोना पावल, कोची आणि कोलकात्यात प्रत्येकी किमान एक कायम पद केवळ ॲम्फिपॉडांसाठी असावे, आणि त्या पदावरच्या माणसाची बढती निबंधांच्या दाखल्यांवर न ठरता त्याने काढलेल्या चित्रांवर आणि लिहिलेल्या वर्णनांवर ठरावी. खाणकामाच्या पर्यावरण अहवालात एखादी प्रजाती ‘सर्वत्र आढळते’ असे लिहिले असेल, तर ती कुठल्या कुठल्या ठिकाणी, किती खोलीवर आणि कोणी ओळखली, हे त्याच पानावर लिहिण्याची सक्ती करावी. तेवढे लिहिता येत नसेल तर त्या अहवालावर सही करू नये.